धावपट्टी चुकते तेव्हा

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी विमान चालविण्याचे धडे गिरवितात. १९२८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मूळ घर मुंबईतील जुहूचा विमानतळ. खानदेशच्या मोकळ्या आभाळात शिकणाऱ्या या मुलामुलींना जुहूचीच एक हकिगत अवश्य सांगितली गेली पाहिजे.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअरलाइन्सचे एक डीसी-८ विमान सांताक्रूझला उतरावयाचे होते. ते उतरले जुहूला! जुहूची मुख्य धावपट्टी जेमतेम साडेअकराशे मीटर लांबीची. एवढे अवजड जेट विमान तीवर थांबणार कसे? ते पट्टी ओलांडून गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. वैमानिक चुकला, हे खरेच. परंतु जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमानही असेच जुहूला उतरले होते. दोन देशांची कसलेली माणसे एकाच जागी एकच चूक करतात, तेव्हा माणसांबरोबर जागेचीही झडती घ्यावयास हवी.

ती जागाच फसवी आहे. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला सांताक्रूझच्या आधी, अवघ्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे, जुहू दिसते. धावपट्टीचा क्रमांक तिच्या दिशेच्या अंशांवरून ठरतो. सांताक्रूझची पट्टी ०९, तर जुहूची ०८. म्हणजे दिशेत फरक सुमारे दहा अंशांचा. खाली विरळ धुके असेल, तर डोळ्यांना जी पट्टी प्रथम दिसते तीच मनाला खरी वाटते.

जमिनीवर उतरल्यानंतरही धोका टळत नाही. इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात एका छोट्या सेसना विमानाला 'आर-५' या मार्गाने जाण्यास सांगितले होते. ते वळले 'आर-६'वर. वाटेत वैमानिकाने जमिनीवरील 'एस-४' ही खूण पाहून नियंत्रकाला कळविली. ती खूण नियंत्रकाला ठाऊकच नव्हती आणि नकाशावरही ती नव्हती! सेसना मुख्य धावपट्टीवर आली, उड्डाण करणारे प्रवासी विमान तिच्यावर आदळले आणि ११८ माणसे मृत्युमुखी पडली. जमिनीवरील विमाने दाखविणारे जुने रडार बंद होते, नवे अद्याप सुरू व्हावयाचे होते. सरकारी कारभाराची ही तऱ्हा आपल्याकडील वाचकांना परकी वाटू नये. त्यापूर्वी वर्षभर आधी तैपेईला दुरुस्तीसाठी बंद असलेल्या पट्टीवरून सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाने धाव घेतली, त्यात ८३ बळी गेले.

वस्तुतः या बाबतीतली भाषा जगभर ठरलेली आहे. लाल पाटीवर पांढरी अक्षरे दिसली की परवानगीवाचून पुढे जावयाचे नाही. काळ्या पाटीवरील पिवळे अक्षर 'तुम्ही येथे आहात' असे सांगते, तर पिवळ्या पाटीवरील काळे अक्षर वाट दाखविते. धावपट्टीच्या कडेला पांढरे दिवे, टॅक्सी-वेच्या कडेला निळे. रंग उडाला, दिवा विझला किंवा पाटीपुढे गवत माजले की ही भाषा मुकी होते. रंगाचा डबा आणि गवत कापणारा मजूर यांवर किती खर्च येतो?

२०१२ साली उद्‌घाटन झालेल्या जळगावच्या विमानतळावर एकच धावपट्टी आहे, पूर्व-पश्चिम. तेथे वाट चुकण्याचे प्रसंग विरळाच. पण येथे शिकलेला तरुण उद्या मुंबईला एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांच्या जाळ्यात शिरणार आहे. त्याला नकाशावर बोट ठेवून वाट बोलून दाखविण्याची सवय येथेच लागली पाहिजे. शिवाय जळगाव-धुळ्याच्या विमानतळांच्या विस्ताराची मागणी लोक करीत असतात, ती रास्तच आहे. मात्र नवा टॅक्सी-वे खुला करण्यापूर्वी तेथे कधी न आलेल्या एखाद्या शिकाऊ वैमानिकाला रात्री जीपमध्ये बसवून, हाती केवळ नकाशा देऊन फिरवावे आणि तो कोठे थबकतो ते टिपून घ्यावे.