मांजराचा मनोरा आणि वजनाचे गणित

लखनौच्या दक्षिणेस रायबरेली रस्त्यालगत वसलेल्या तेलीबागेत मांजर घराबाहेर न सोडता पाळायचे झाले, तर त्याला चढण्यासाठी आणि उंचावरून टेहळणी करण्यासाठी झाडाऐवजी काहीतरी द्यावे लागते. खांब, फळ्या आणि बैठका यांचा असा मनोरा बाजारात ‘कॅट ट्री’ म्हणून विकला जातो. पाळीव मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातले असल्याने उंच जागेची ओढ आणि नखे घासण्याची सवय त्याला जन्मजातच असते. नखे घासताना त्यांचे जुने आवरण गळून पडते, खांदे व पाठीचे स्नायू ताणले जातात आणि पंजांतील ग्रंथींचा गंध मागे राहून हद्द आखली जाते. परंतु मनोरा डगमगू लागला की मांजर त्याकडे पाठ फिरवते, आणि तो उलटला तर इजाही होते. म्हणून मनोऱ्याची निवड हा मूलतः स्थैर्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नात मांजराचा आकार डोळ्यांना फसवतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, शरीराची लांबी, रुंदी आणि उंची सारख्याच प्रमाणात वाढली, तर वजन त्या प्रमाणाच्या घनाने वाढते. त्यामुळे प्रत्येक बाजूने केवळ २६ टक्के मोठे असलेले मांजर वजनाने जवळजवळ दुप्पट भरते. साधारण देशी मांजर ३ ते ४ किलोचे असते, तर मेन कून जातीचा बोका ८ किलोपर्यंत सहज जातो.

मनोरा उलटणे हे बलाच्या आघूर्णावर, म्हणजे बल आणि त्याचे टेकूपासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर, अवलंबून असते. उदाहरणादाखल १२ किलो वजनाचा, १५० सेंटिमीटर उंचीचा आणि ५० सेंटिमीटर चौरस पायाचा मनोरा घेतला आणि त्याच्या माथ्यावर मधोमध ३ किलोचे मांजर बसलेले मानले, तर तो उलटू लागण्यासाठी माथ्याशी सुमारे अडीच किलो वजनाइतका आडवा रेटा पुरतो. मांजर ६ किलोचे असेल, तर त्याचे वजनही पाया दाबून धरत असल्याने हा आकडा ३ किलोवर जातो. म्हणजे सारख्याच वेगाने झेपावणाऱ्या दुप्पट वजनाच्या मांजराचा रेटा दुप्पट होतो, पण मनोऱ्याचा प्रतिकार फक्त एक पंचमांशाने वाढतो. पायाची बाजू ७० सेंटिमीटर केली की तोच प्रतिकार ४.२ किलोवर पोहोचतो. उलट, पायाच्या कडेबाहेर झुकलेल्या बैठकीवर बसलेल्या मांजराचे वजन मनोऱ्याला सावरण्याऐवजी त्याच बाजूला कलंडवू पाहते.

उडी मारून उतरतानाचा भार निराळा असतो. एक मीटर खाली येऊन २० सेंटिमीटरच्या अंतरात थांबणारे मांजर फळीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या सहापट बल टाकते, म्हणजे ६ किलोच्या मांजराचा भार ३६ किलोइतका होतो. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढत असल्याने १२ ऐवजी १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड सुमारे ३.४ पट कमी वाकते; भरीव खांबाचा ताठपणा तर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे ७ ऐवजी १० सेंटिमीटर व्यासाचा खांब चौपटीहून अधिक ताठ ठरतो.

साहित्य निवडताना लखनौच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेला पार्टिकल बोर्ड पावसाळ्यातील दमट हवेत फुगतो आणि त्यातील स्क्रूंची पकड सुटते. म्हणून पायासाठी आंब्याच्या लाकडापेक्षा जड असलेले शीशम आणि फळ्यांसाठी चांगले प्लायवूड घेणे श्रेयस्कर. लाकडाला वाळवीचे औषध लावायचे असल्यास परमेथ्रिन हे कीटकनाशक टाळणे आवश्यक आहे, कारण ते मांजरांना विषारी असते. खांबांवर घायपाताचा दोर घट्ट गुंडाळावा आणि पाठ ताणता यावी यासाठी निदान एक खांब सलग ९० सेंटिमीटर उंच असावा.

लहानमोठी मांजरे एकत्र राहत असतील, तर पाया, खांब आणि बैठका सर्वांत जड मांजराच्या मापाने घ्याव्यात, तर दोन फळ्यांमधील अंतर पिल्लांना व वृद्ध मांजरांना झेपेल असे, २५ ते ३० सेंटिमीटर, ठेवावे. मनोरा कितीही महाग असला, तरी छातीएवढ्या उंचीपलीकडे गेलेला प्रत्येक मनोरा लोखंडी पट्टीने विटांच्या भिंतीला जखडलाच पाहिजे.