सौंसर-पांढुर्ण्याचा पोळा

श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी सौंसर-पांढुर्णा भागातल्या गोठ्यांत खांदमळणी होते. जुवाने घट्टे पडलेला बैलाचा खांदा हळद आणि तूप लावून चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात आणि उद्या जेवायला येण्याचे रीतसर आवतण बैलालाच देतात. तमिळनाडूत पोंगलच्या तिसऱ्या दिवशी, माट्टू पोंगलला, गुराढोरांची अशीच पूजा होते. शिंगे रंगवतात, गळ्यात घंटा बांधतात. फरक वेळेचा. पोंगल येतो जानेवारीत, भात घरात आल्यावर. पोळा येतो पीक शेतात उभे असताना, डवरणीची कामे आटोपत आली की.

हा मुलूख मध्य प्रदेशातला, पण रीत विदर्भाची. पूर्वी छिंदवाड्यात असलेले हे दोन्ही तालुके मिळून 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. घरातली बोली मात्र बरीचशी मराठीच राहिली.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला आंघोळ, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, पायांत घुंगरू. दुपारनंतर जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. मग झडत्या सुरू होतात. देवाच्या नावाने उघडणारी ही कवने लगेच सावकारावर, पुढाऱ्यावर, कापसाच्या भावावर घसरतात. पोळ्यातला खरा रंग तिथेच आहे. तोरण तुटले की पोळा फुटला. बैल आधी मारुतीला जातात, मग घरोघर. धनीण पाय धुऊन ओवाळते, पुरणपोळी भरवते, आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, ठेवते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: मुले लाकडी नंदी सजवून हिंडतात आणि आपला बोजारा वसूल करतात.

पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधे दगडांचा वर्षाव. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, नदीतच दोन्हीकडून दगड आले, अशी कथा सांगतात. झाड तोडून आणले की ते चंडीमातेला वाहतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काही जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले; लोकांनी पुन्हा गोटेच उचलले.