गोळी कधी बंद होणार?

कोकणातल्या पुष्कळ गावांप्रमाणे फोंडाघाटचा एक पाय मुंबईत असतो. वर दाजीपूर-राधानगरी, खाली कणकवली आणि मध्ये घाटाच्या पायथ्याशी हे बाजाराचे गाव. येथल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी चाकरमानी म्हणून मुंबईला असतेच. १९८० नंतर मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे आपण ज्याला ‘गर्द’ म्हणतो ते अशुद्ध हेरॉइन, गल्लोगल्ली मिळू लागले. १९८२ च्या संपाने गिरणगाव हवालदिल झाले, तोही हाच काळ. त्या वेळी घराघरांत एक उपाय सुचवला जाई आणि तो आजही सुचवला जातो: “झिलाक गावाक आणा, म्हयनाभरात सुधारतलो.”

हा सल्ला अगदीच खोटा नाही आणि पुरेसा खराही नाही. मुलगा गावी येतो, आठ-दहा दिवस तळमळतो, मग जेवू लागतो, अंगाने भरतो. घरचे निर्धास्त होतात. तो मुंबईला परततो आणि काही दिवसांत पुन्हा पहिले पाढे. काही घरांत तर याहून वाईट बातमी येते. असे का घडते, हे समजले तरच या व्यसनावर औषध का द्यावे लागते आणि ते घेणाऱ्याला काय काय सोसावे लागते, हे नीट कळेल.

कुलूप आणि किल्ल्या

खसखशीच्या बोंडाला चीर दिली की जो चीक येतो ती अफू. अफूपासून मॉर्फिन आणि मॉर्फिनपासून हेरॉइन. या सर्व पदार्थांना ओपिऑइड म्हणतात. आपल्या मेंदूतील चेतापेशींवर त्यांच्यासाठी जणू कुलपेच आहेत. शास्त्रीय भाषेत त्यांना ग्राही म्हणतात. अशी ग्राही खरोखरच असतात हे १९७३ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले. मग प्रश्न आला: खसखशीच्या चिकासाठी निसर्गाने आपल्या मेंदूत कुलपे कशाला बसवावीत? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूजेस आणि कोस्टरलिट्झ यांना मिळाले. शरीर स्वतःच अशा किल्ल्या तयार करते. वेदना सुसह्य करणे, समाधान वाटणे यांसाठी त्या थोड्या प्रमाणात वापरल्या जातात. गर्द म्हणजे याच कुलपात मूठभर नकली किल्ल्या कोंबणे.

रोज असे होऊ लागले की पेशी जुळवून घेतात. त्यांचा प्रतिसाद मंदावतो. मग तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. यालाच सहनशीलता वाढणे म्हणतात. दुसरीकडे, ओपिऑइड ज्या पेशींना दडपून ठेवतो त्या आपला जोर वाढवून ठेवतात. एखाद्या दिवशी गर्द मिळाले नाही, की दडपण निघते आणि हा साठलेला जोर उसळतो. जांभया येतात, नाक-डोळे गळतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप उडते. रुग्णांच्या बोलीत ही ‘टर्की’. ती दोन-तीन दिवसांनी शिगेला पोचते आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरते. गावी आलेल्या मुलाची पहिली तळमळ ती हीच.

गाव बदलले, तरी

टर्की ओसरली म्हणजे मेंदू पूर्ववत झाला असे नव्हे. झोप न लागणे, कशातच मन न रमणे आणि अचानक उफाळणारी ओढ हे पुढे कित्येक महिने चालते. शिवाय ही ओढ जागेशी, माणसांशी, वासाशी बांधलेली असते. अमेरिकेत ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची पाहणी केली. तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले शेकडा पाचच्या आसपासच होते. जागा बदलण्याचा गुण येथे दिसतो. पण हे सैनिक व्हिएतनामला परत गेले नाहीत. आपला चाकरमानी मात्र त्याच चाळीत, त्याच नाक्यावर परततो.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १९८२ मध्ये कॅनडात शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी उंदरांना हेरॉइनची हळूहळू सवय केली आणि शेवटी सर्वांना एकच मोठी मात्रा दिली. नेहमीच्या खोलीत ती मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मेले. अनोळखी खोलीत ६४ टक्के. आणि ज्यांना हेरॉइनची सवयच नव्हती त्यांपैकी ९६ टक्के. म्हणजे सहनशीलता रसायनावर अवलंबून असते तशी परिसरावरही. आणि काही आठवडे गर्द बंद राहिले की ती झपाट्याने उतरते. गावाहून परतलेला मुलगा जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो. मेंदूतील श्वासाचे नियंत्रण मंदावते आणि श्वास थांबतो. अशा वेळी लोक म्हणतात, “सुधारला होता, आणि नेमका तेव्हाच गेला.” विज्ञान म्हणते, ते ‘सुधारणे’च अर्धवट होते आणि धोका तेथेच होता.

रोजची गोळी करते काय?

१९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल हे चयापचयाचे अभ्यासक आणि मेरी निस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ यांनी एक वेगळी वाट चोखाळली. जुन्या हेरॉइन-व्यसनी रुग्णांना प्रथम मॉर्फिन दिले, तेव्हा ते दिवसभर पुढच्या मात्रेची वाट पाहत बसून राहत. नंतर मेथाडोन हे औषध दिले, तेव्हा चित्र पालटले. एकाने चित्रे काढायला घेतली, दुसऱ्याला राहिलेले शिक्षण पुरे करावेसे वाटू लागले. औषध ओपिऑइडच होते. मग फरक कशाचा?

फरक आलेखाचा आहे. फळ्यावर काढून पाहावा. हेरॉइनचा परिणाम झटकन चढतो आणि चार-सहा तासांत उतरतो. आलेख करवतीच्या दात्यांसारखा. प्रत्येक शिखरावर धुंदी, प्रत्येक दरीत टर्की. तोंडाने घेतलेले मेथाडोन सावकाश चढते आणि दिवसभर टिकते. आलेख जवळजवळ सपाट. धुंदी नाही, टर्की नाही.

दुसरे औषध ब्युप्रेनॉर्फिन. ही किल्ली कुलपात घट्ट बसते, पण कुलूप अर्धेच उघडते. त्यामुळे ठरावीक मर्यादेपुढे मात्रा वाढवली तरी परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही आणि श्वास थांबण्याचा धोका बराच कमी राहतो. वरून कोणी गर्द घेतले, तर त्याला कुलपे अडलेलीच सापडतात. मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर दोन्ही औषधे घातक ठरू शकतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये दोन्हींचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

परिणामाचा पुरावा स्टॉकहोमच्या एका लहानशा चाचणीत स्पष्ट दिसतो. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ४० रुग्णांना सारखेच समुपदेशन होते. २० जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिले. बाकीच्या २० जणांचे ते सहा दिवसांत कमी करत बंद केले आणि पुढे औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. वर्षअखेर पहिल्या गटातले १५ जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नव्हता आणि त्यांपैकी चौघे दगावले होते.

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७-०८ पासून, सुईने नशा करणाऱ्यांसाठी, ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रे आपल्या कार्यक्रमात घेतली. २०१२ मध्ये मेथाडोनचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला; त्यातील एक केंद्र परळच्या के. ई. एम. रुग्णालयात होते. यापूर्वीच, १९८६ मध्ये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले होते. समुपदेशन, गटसभा आणि कुटुंबाचा सहभाग यांचे मोल महाराष्ट्राला तेथे कळले. औषध हे त्या कामाचे प्रतिस्पर्धी नव्हे. मन लावून ऐकण्याइतकी शांतता ते रुग्णाला मिळवून देते.

रुग्ण काय सांगतात?

देशोदेशी या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आहेत. त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

पहिली गोष्ट सुरुवातीची. ब्युप्रेनॉर्फिन घट्ट बसणारी किल्ली असल्याने ती आधीच्या हेरॉइनला कुलपातून ढकलून देते. म्हणून टर्की सुरू होईपर्यंत रुग्णाला थांबावे लागते. घाई केली तर एकदम जोरदार टर्की येते. आयुष्यभर जिच्यापासून पळ काढला, तिचीच वाट पाहत दवाखान्यात बसायचे! हा पहिला दिवस बहुतेकांच्या लक्षात राहतो.

दुसरी गोष्ट समाधानाची. “मला छान वाटते” असे सांगणारे थोडे. “मला माणसासारखे वाटते” असे सांगणारे पुष्कळ. सकाळी उठल्यावर आज पैसे कोठून आणायचे, हा विचार प्रथम येत नाही. घड्याळाकडे न पाहता जेवता येते. दिवस मोठा वाटू लागतो.

तिसरी गोष्ट तक्रारींची, आणि त्या खऱ्या आहेत. बद्धकोष्ठ होते, घाम फार येतो, तोंड कोरडे पडते. गोळी कडू, ती गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरावी, नाहीतर दात किडण्याची भीती असते. गोळी लपवून बाहेर नेली जाऊ नये म्हणून आपल्या केंद्रांत तिचा चुरा करून समोर देण्याची पद्धत आहे. कारण समजण्यासारखे आहे. पण रोज कोणाच्या तरी देखत तोंड उघडून दाखवणे मानी माणसाला लागते. आणि रोज यायचे, तर रोजंदारीवरच्या माणसाचा अर्धा खाडा ठरलेला. इंग्रजी बोलणारे रुग्ण मेथाडोनला ‘पातळ बेड्या’ म्हणतात, ते यामुळेच.

आपल्याकडे या बेड्या गणपतीत सर्वांत जास्त काचतील. फोंडाघाटच्या घरी मूर्ती बसणार आणि गोळी मात्र मुंबईच्या केंद्रात! न जावे तर घरचे रुसणार, जावे तर तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी टर्की. अशा रुग्णाने केंद्राच्या डॉक्टरांना आधी सांगून व्यवस्था करून घ्यावी, परस्पर खंड पाडू नये. घरी नेण्यासाठी गोळ्या देणे अशक्य नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या केंद्रांनी अनेक दिवसांच्या गोळ्या घरी दिल्या होत्या. पंजाबातही २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांचे मोठे जाळे उभे राहिले.

“म्हणजे एक सोडून दुसरे व्यसन?”

चौथी गोष्ट सर्वांत बोचरी आणि ती औषधाची नसून आपली आहे. नातेवाईक विचारतात, “गोळी कधी बंद करतलंस?” मित्र म्हणतात, एका व्यसनाच्या जागी दुसरे आले. स्वमदत गटांतही कधी कधी औषध घेणाऱ्याला ‘स्वच्छ’ मानत नाहीत. मग रुग्ण गोळी लपवतो आणि एक दिवस लाजेपोटी सोडून देतो.

येथे दोन शब्दांत गल्लत होते. गोळी एकदम बंद केली तर शरीराला त्रास होतो, हे खरे. यास अवलंबन म्हणावे. रक्तदाबाच्या काही गोळ्याही अचानक थांबवल्या तर दाब उसळतो. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही ताबा न राहणे, घर-काम-मैत्री सारे त्या एका पदार्थापायी पणाला लावणे. गोळी घेऊन जो वेळेवर कामावर जातो, मुलांची फी भरतो, त्याच्यात पहिले आहे, दुसरे नाही.

मग गोळी कधी बंद होणार? प्रामाणिक उत्तर: प्रत्येकाचे वेगळे. काहींना वर्षे लागतात, काहींना ती दीर्घकाळ लागते. घाई मात्र महाग पडते. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१७ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात मेथाडोनवर असलेल्यांत दर हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू आढळले, तर उपचार सोडलेल्यांत सुमारे ३६. सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष धोक्याचे. घाट उतरणारा ट्रकचालक गाडी खालच्या गियरमध्ये ठेवतो; नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवत नाही आणि न्यूट्रल तर कधीच करत नाही. उतार संपून सपाटी आली की गियर आपोआप बदलता येतो. रुग्णाची सपाटी म्हणजे स्थिर काम, सांभाळणारी माणसे, पुरेशी झोप आणि जुन्या नाक्यावरून सरळ पुढे जाण्याचे बळ. ती आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवता येते.

वर्गात

२०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार १० ते ७५ वयाच्या भारतीयांत शंभरामागे सुमारे दोघे, म्हणजे सव्वादोन कोटींहून अधिक लोक, कोणता ना कोणता ओपिऑइड वापरत होते. या व्यसनाने पीडितांपैकी निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्रही आहे. तेव्हा आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा काका किंवा भाऊ त्यांत असू शकेल.

म्हणून ‘गर्दुल्ला’ हा शब्द वर्गात वापरू नये. तो ऐकणारे मूल घरातली गोष्ट कधीच सांगणार नाही. व्यसनमुक्ती दिनाला घोषवाक्यांबरोबर वर सांगितलेले दोन आलेख फळ्यावर काढावेत आणि मुलांनाच विचारावे, यातल्या कोणत्या आलेखावर माणूस नोकरी करू शकेल? आणि एक सूचना मोठ्या मुलांना अवश्य द्यावी: नशेत असलेला माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळे पडले असतील, तर त्याला एका कुशीवर वळवून ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओपिऑइडचा परिणाम काही मिनिटांत उतरवणारे नॅलोक्सोन नावाचे औषध उपलब्ध आहे. माणूस वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचला तरच त्याचा उपयोग.