काचेची उंची आणि वाऱ्याची कड

पुण्याहून कोल्हापूर किंवा पनवेलहून सावंतवाडी अशी मजल मोटरसायकलवरून मारणाऱ्या मनुष्यास मुक्कामी पोहोचल्यावर जो शीण जाणवतो, त्याचे खापर तो बहुधा रस्त्यातील खड्ड्यांवर, आसनाच्या कठीणपणावर अथवा स्वतःच्या वयावर फोडतो; परंतु मानेचे ताठलेले स्नायू, कानांत उरलेली घूंघूं आणि खांद्यांतील ओढ यांची नीट चौकशी केली, तर या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी वाराच सापडतो. या वाऱ्याचा बंदोबस्त करण्यासाठी हँडलपुढे काच बसवावी, इथपर्यंत कोणाचे दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो ती काच ठेंगणी असावी की उंच, या मुद्द्यावर. आणि हा निर्णय दुकानात उभ्या उभ्या, केवळ शोभेचा किंवा दुसऱ्याच्या शिफारशीचा मुलाहिजा राखून घेतला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याचे परिणाम पुढे शेकडो किलोमीटर शरीरास सोसावे लागतात.

हवा दिसत नाही, म्हणून तिला वजन आहे याचा आपणास विसर पडतो. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची छाती, खांदे आणि मस्तक यांवर या हवेचा जो भार येतो तो सात-आठ किलोंचा असतो. वेग १०० वर गेला की तोच भार वीस किलोंच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला म्हणजे रेटा चौपट होतो, आणि त्या रेट्यावर मात करण्यासाठी इंजिनास खर्चावी लागणारी शक्ती तर आठपट होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या दोहोंवर दुचाकींना मज्जाव असल्यामुळे महाराष्ट्रातील मोटरसायकलस्वाराचा बहुतेक लांबचा प्रवास जुन्या महामार्गांवर, ताशी ७० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात होतो. शहरातील ४० च्या वेगात जी काच निव्वळ अलंकार असते, ती याच पट्ट्यात प्रथम काही काम करू लागते, आणि वाईट निवडलेली असेल तर प्रथम छळूही लागते.

छळ का होतो, हे समजण्यासाठी काचेच्या मागे काय घडते ते पाहिले पाहिजे. ओढ्याच्या प्रवाहात उभ्या असलेल्या खडकाकडे पाहावे: समोरून आलेले पाणी त्याच्या माथ्यावरून आणि बगलेने निघून जाते, पण खडकाच्या पाठीशी ते सरळ मिटत नाही, तेथे भोवरे उठतात आणि काही पाणी उलट फिरून खडकाकडेच येते. काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारी हवा अगदी असेच करते. कडेच्या वर वेगवान, शिस्तबद्ध प्रवाह. कडेखाली जवळजवळ निश्चल हवा. आणि या दोहोंच्या सीमेवर एक फाटलेला, थरथरणारा पदर, ज्यातून एकामागून एक भोवरे सुटत राहतात. हा पदर काचेच्या टोकाशी पातळ असतो व मागे जाता जाता रुंदावतो. तो ज्या ठिकाणी स्वाराच्या देहावर आदळेल, त्या ठिकाणावरच साऱ्या सुखदुःखाची मदार आहे. काचेची सेंटिमीटरमधली उंची हा केवळ त्या पदराची जागा मुक्रर करण्याचा एक उपाय होय.

हे एकदा ध्यानात आले, म्हणजे ठेंगण्या आणि उंच काचेच्या कैवाऱ्यांमधील वाद बराचसा निवळतो. ठेंगणी काच पदराला छातीच्या वरच्या भागावर किंवा फार तर खांद्यांच्या पातळीवर आणून सोडते: पोट आणि छाती यांवरील रेटा कमी होतो, मनगटांवरचा ताण सैल पडतो, आणि मस्तक मात्र कडेच्या पुष्कळ वर, अखंड वाऱ्यात राहते. अखंड वारा जोरकस असला तरी एकसुरी असतो. मान त्याच्याशी थोड्याच वेळात जुळवून घेते, आणि चांगल्या बांधणीचे हेल्मेट त्याच वाऱ्यासाठी घडवलेले असते. उंच काच याच्या उलट पदराला हेल्मेटच्या माथ्यावरून पलीकडे धाडते, आणि स्वार शांत हवेच्या कप्प्यात बसतो. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी निर्दोष आहेत. दोष आहे तो मधल्या काचेत, जिची कड हनुवटीच्या किंवा गळ्याच्या सुमारास पदर सोडते. कारण मग भोवऱ्यांची ती रांग हेल्मेटच्या खालच्या काठाशी आपटते, मस्तक सेकंदात अनेक वेळा हलते, नजर अंधुक होते, आणि काच मुळीच नसती तर बरे, असे वाटू लागते. दोन टोकांच्या मध्ये समेट साधावा या सद्‌हेतूने मध्यम काच घेणारे लोकच बहुधा सर्वांत दुःखी असतात.

कानांची कैफियत स्वतंत्रपणे ऐकण्यासारखी आहे. व्यवसायजन्य आवाजासाठी ८५ डेसिबल ही आठ तासांची मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलमागे ती मुदत निम्मी करावी असा प्रचलित दंडक आहे; म्हणजे १०० डेसिबलला केवळ पाव तास मिळतो. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत ९५ ते १०० डेसिबल आवाज होणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि त्यातील मोठा भाग इंजिनाचा नसून हेल्मेटच्या खालच्या काठाशी घुसळणाऱ्या हवेचा असतो. चुकीच्या उंचीची काच हा आवाज वाढवते. काच कोणतीही असो, लांबच्या पल्ल्यावर कानांत फोमचे बोळे घालावेत असे माझे ठाम मत आहे. त्यांनी हॉर्न ऐकू येणे थांबत नाही, वाऱ्याची भरड गर्जना तेवढी गाळली जाते. बधिरता अशी हळूहळू येते की ती आली हे कळते तेव्हा परतीचा मार्ग उरलेला नसतो.

वाऱ्याला अशी वाट करून देण्याचे महत्त्व कारखानदारांना फार पूर्वी उमगले होते. १९५० च्या दशकात शर्यतीच्या यंत्रांना पुढच्या चाकासकट झाकून टाकणारी कवचे चढवली जात, आणि इटलीतील मोटो गुत्सी या कंपनीने तर कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो येथील आपल्या कारखान्यातच वातबोगदा उभारला होता. परंतु ती कवचे आडव्या वाऱ्यात धोक्याची ठरतात म्हणून आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर त्यांना मनाई केली. रस्त्यावरच्या स्वारापुरता सर्वांत बोधप्रद दाखला मात्र जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू.चा आहे. १९७६ साली या कंपनीने आर १०० आर एस हे यंत्र बाजारात आणले. त्याचे पूर्ण कवच हान्स मूट यांच्या देखरेखीखाली, पिनिनफरिना यांच्या वातबोगद्यात तपासून आकारास आले होते. त्याची काच बुटकी आणि मागे कललेली, हँडल अरुंद, आणि स्वाराने किंचित पुढे वाकून बसावे अशी त्याची योजना. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच इंजिनावर आर १०० आर टी आले, आणि त्याला उंच व रुंद काच, वर आणलेले हँडल आणि ताठ बैठक देण्यात आली. दोन्ही यंत्रे एकाच दुकानात शेजारी उभी राहत. एकाच कारखान्याने एकाच इंजिनासाठी दोन उंच्या विकाव्यात, यात मला मोठे शहाणपण दिसते: काच ही यंत्राची नव्हे, तर बैठकीची आणि प्रवासाच्या जातीची अंगभूत वस्तू आहे, हे त्यांनी मान्य केले होते.

आपल्याकडेही अलीकडे ही जाण येऊ लागली आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली ती काच घेऊनच. चाकणला तयार होणाऱ्या बजाज डॉमिनार ४०० ला २०२१ पासून उंच काच कारखान्यातूनच मिळू लागली. तथापि कारखाना काच कापतो ती एका सरासरी देहासाठी, आणि सरासरी देह कोणाचाच नसतो. पाच फूट चार इंचांचा आणि सहा फुटांचा असे दोन स्वार एकाच यंत्रावर बसले, तर एकाला जी काच उंच तीच दुसऱ्याला नेमकी त्या अभागी मधल्या उंचीची ठरते. शिवाय मोजायचे ते एकंदर उंचीवरून नव्हेच. आसनापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजायचे असते, आणि पाय लांब व धड आखूड असलेला उंच मनुष्य येथे हमखास फसतो.

म्हणून खरेदीपूर्वी एक साधी तजवीज करावी. मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगात, हेल्मेट चढवून, प्रथम नेहमीसारखे बसावे, मग पायांवर भार देऊन आसनापासून थोडे उठावे, आणि नंतर तितकेच खाली वाकावे. उठल्यावर आवाज आणि हादरे शमले, तर आपणास आहे त्याहून ठेंगणी काच हवी. वाकल्यावर शमले, तर उंच हवी. जितके उठावे किंवा वाकावे लागले, तितकाच साधारण फरक काचेच्या कडेत पाहिजे. उंच काच लागेल असा संशय असेल, तर जाड पुठ्ठ्याची पट्टी काचेच्या माथ्यावर चिकटपट्टीने घट्ट बसवून बेताच्या वेगात एक फेरी मारता येते. मात्र पट्टी नजरेच्या आड येता कामा नये. डाव्या हाताचा तळवा क्षणभर काचेमागून वर नेला, तरी शांत हवा कोठे संपते आणि पदर कोठे लागतो हे बोटांना स्पष्ट कळते.

उंच काच घेणाऱ्याने एक नियम कधीही मोडू नये: दृष्टी काचेवरून गेली पाहिजे, काचेतून नव्हे. कड नाकाच्या शेंड्याच्या पातळीत ठेवली की पुरते, कारण कडेवरून सुटलेली हवा आणखी काही इंच वर उसळून मग मागे वळते आणि हेल्मेटवरून निघून जाते. श्रावणात कशेडी घाट रात्री चढताना ओल्या, ओरखडलेल्या प्लॅस्टिकमागून समोरच्या ट्रकचे दिवे पाहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला या नियमाचे कारण सांगावे लागत नाही: प्रत्येक थेंब आणि प्रत्येक ओरखडा प्रकाश पसरवतो, रस्त्याची कड नाहीशी होते, आणि हेल्मेटची काच पुसता येते तशी ही पुसताही येत नाही. उंच काचेमागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पाठीकडून पुढे ढकलल्यासारखे वाटते आणि पावसाचे तुषार मागून छातीवर येतात. काचेच्या बुडाशी थोडी फट असली, तर खालून येणारी हवा हा दाब भरून काढते. ती फट बुजवून टाकण्याचा मोह आवरावा.

हवामानाचा विचार केला, तर महाराष्ट्राला एकच उत्तर देता येत नाही. कोकणातील दमट उकाड्यात घाम वाळण्यासाठी वारा लागतोच. तेथे उंच काचेमागे बसणे ही शिक्षा आहे. डिसेंबरच्या पहाटे नाशिककडे निघालेल्याची गोष्ट वेगळी, कारण १० अंश तापमानात ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला सुमारे ४ अंशांसारखा झोंबतो. विदर्भातील वैशाखात तर नेहमीचा हिशेब उलटतो: हवा त्वचेहून तप्त झाली, की तिचा झोत अंगातील उष्णता नेण्याऐवजी आणून टाकतो आणि देहातील पाणी झपाट्याने उडवतो; तेथे थोडा आडोसा आणि अंगभर सुती कपडे हितकर ठरतात. लडाखास जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की पाच हजार मीटरांच्या वर हवा समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपासच दाट असते. रेटा कमी होतो, परंतु थंडी आडोसा मागतेच.

आडव्या वाऱ्याची बाब अधिक गंभीर. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत, आणि त्या मुलखातले झोत उंच काच असलेल्या हलक्या मोटरसायकलला बाजूस सरकवतात. काच हँडलला जोडलेली असेल, तर झोताचा धक्का थेट पुढच्या चाकाच्या दिशेवर उतरतो; चौकटीला जोडलेली असेल, तर यंत्र ढकलले जाते, पण वळवले जात नाही. अमेरिकेत हार्लेच्या इलेक्ट्रा ग्लाइडचे १९६९ पासूनचे प्रसिद्ध कवच हँडलबरोबर फिरते, तर क्रेग व्हेटर यांचे १९७० च्या दशकातील विंडजॅमर चौकटीला बांधले जाई. हँडलवरच काच बसवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मी ठेंगणीच घेण्याचा सल्ला देईन, आणि मोठा ट्रक ओलांडताना दोन्ही हात सैल पण सावध ठेवण्यास सांगेन.

मागे बसणाऱ्याची वास्तपुस्त तर कोणीच करीत नाही. मागचे आसन बहुधा उंच असते, त्यामुळे पुढच्याला ज्या काचेने सुख दिले तिचा पदर मागे रुंदावत जाऊन नेमका मागच्याच्या हेल्मेटवर कोसळतो. पत्नी, आई किंवा मित्र नित्य सोबत असेल, तर परीक्षेच्या फेरीत त्यांनाही न्यावे आणि त्यांचे मत अर्धे धरावे.

माझा कौल विचाराल, तर आपल्या वेगांना, आपल्या उकाड्याला आणि आपल्या पावसाला बहुतेकांसाठी छातीच्या वरच्या भागापर्यंत पोहोचणारी ठेंगणी काच, नीट बसणारे हेल्मेट आणि कानांत बोळे एवढे पुरेसे आहे. थंडीतला किंवा हिमालयातला दीर्घ प्रवास हा ज्याचा नित्यक्रम, त्याने उंच घ्यावी, आणि शक्य असल्यास उंची बदलता येणारी.

काच कोणतीही घेतली, तरी तिची निगा सारखीच. आजच्या बहुतेक काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात, काही अ‍ॅक्रिलिकच्या; पहिली चिवट पण लवकर ओरखडणारी, दुसरी अधिक स्वच्छ पण ठिसूळ. सुकलेले किडे कोरड्या फडक्याने घासू नयेत. ओले कापड काही मिनिटे पसरून ठेवावे आणि मग सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे. पेट्रोल, थिनर आणि अमोनियायुक्त द्रव यांनी पॉलिकार्बोनेटवर बारीक चिरांचे जाळे पडते. बोल्ट आवळतानाही बेताने: अर्ध्या मीटरची काच पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांचा फरक सोसते तेव्हा सुमारे सव्वा मिलिमीटर वाढते, आणि त्या वाढीस जागा राहावी म्हणूनच प्रत्येक छिद्रात रबराची वाटी घातलेली असते, ती सुकून कडक झाली की बदलावी, नाहीतर तडा छिद्रापासूनच सुरू होतो.