मिश्रधातूंतील अणूंची अव्यवस्था

मिश्रधातूच्या स्फटिकात निरनिराळ्या मूलद्रव्यांचे अणू नियत जागी न राहता एकमेकांच्या जागी विखुरलेले असणे, यास अणूंची अव्यवस्था म्हणतात. घटक आणि त्यांचे प्रमाण तेच असतानाही केवळ अव्यवस्थेमुळे मिश्रधातूचे चुंबकत्व व स्फटिकरचना बदलू शकते.

कारणे
उच्च तापमानास अणू जागा बदलत राहतात. धातू सावकाश थंड केल्यास त्यांना नियत जागी स्थिरावण्यास अवधी मिळतो. एकदम थंड केल्यास अव्यवस्था तशीच गोठते. ठोकण्याने किंवा कानशीने घासण्यानेही क्रम मोडतो. योग्य तापमानास अनुशीतन केल्यास तो बहुधा पूर्ववत होतो.

चुंबकत्वावरील परिणाम
मिरकरवाडा (रत्नागिरी) यांसारख्या बंदरांतील मच्छीमार नौकांचे पंखे सामान्यतः तांब्याच्या मिश्रधातूंचे असतात व त्यांना चुंबक सहसा चिकटत नाही. तथापि तांबे, मँगनीज व ॲल्युमिनियम यांची मिश्रधातू लोहचुंबकीय असू शकते, असे जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ हॉइसलर यांनी १९०३ मध्ये दाखविले. सुव्यवस्थित स्फटिकात मँगनीजचे अणू परस्परांपासून दूर राहतात व त्यांची चुंबकीय परिबले एकाच दिशेस वळतात. अव्यवस्थेमुळे ते निकट आल्यास परिबले परस्परविरुद्ध होऊन चुंबकत्व घटते.

उलट, सुमारे ६०% लोह-अणू व ४०% ॲल्युमिनियम-अणू असलेली सुव्यवस्थित मिश्रधातू लोहचुंबकीय नसते. तिचा क्रम मोडल्यास लोहाच्या अणूंना लोहाचेच अधिक शेजारी लाभतात आणि ती लोहचुंबकीय होते.

संरचनेवरील परिणाम
निकेल, मँगनीज व इंडियम यांची २:१:१ प्रमाणातील मिश्रधातू थंड केल्यावरही घनाकृती राहते. मँगनीज वाढवून त्याचे अणू इंडियमच्या जागी बसविले, की विशिष्ट प्रमाणानंतर थंड होताना तिचे स्फटिक रूप बदलते. या मिश्रधातूंतील स्थानिक अव्यवस्थेचा अभ्यास गोवा विद्यापीठात झाला आहे.

मापन
निकेल व मँगनीज यांची अणुक्रमांके जवळची असल्याने क्ष-किरणांद्वारे त्यांच्यात भेद करणे अवघड जाते. न्यूट्रॉन मात्र त्यांच्यापासून अगदी भिन्न रीतीने विखुरतात आणि चुंबकीय रचनाही दर्शवितात. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील, १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतील न्यूट्रॉन अशा अभ्यासासाठी वापरले जातात.

महत्त्व
लोह व प्लॅटिनम यांची समप्रमाणातील सुव्यवस्थित मिश्रधातू चुंबकत्व दृढपणे टिकविते. अव्यवस्थित असल्यास ते सहज पालटते. त्यामुळे माहिती साठविणाऱ्या तबकड्यांसाठी योग्य घटक निवडणे पुरेसे नसते. अणूंचा क्रमही साधावा लागतो.