पाणी घाला, पाणी काढा

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, सिद्धेश्वरला, पूर्णा नदी अडवली आहे. वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण, त्याच्या खाली हे. दोन्ही मिळून पूर्णा प्रकल्प होतो आणि त्याच्या कालव्यांवर हिंगोली, परभणी, नांदेडची शेती भिजते. सिद्धेश्वरचे धरण मातीचे, लांबी सहा किलोमीटरांहून जास्त. महाराष्ट्रात मातीची धरणे बांधायची रूढ रीत अशी की पोटात काळी चिकण माती भरायची, दोन्ही अंगांना मुरूम घालायचा आणि पाण्याच्या बाजूला दगडांचे अस्तर करायचे. काळी माती ओली झाली की फुगते, कणांमधल्या फटी बुजतात आणि पाणी पलीकडे जात नाही. न भाजलेली माती एवढा जलाशय धरून ठेवते ती या फुगण्याच्या गुणावर.

कुंभाराला नेमका हाच गुण नडतो.

दख्खनच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, हजारो वर्षे झीज होऊन ही माती झाली. तिच्यात मोंटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात आणि पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. पावसाळ्यात शेतात पाय टाकावा तर चपलेला शेरभर चिखल, आणि एप्रिलमध्ये त्याच शेतात हात जाईल एवढी भेग. कुंभारकामाची साधारण माती वाळून आणि भाजून दहा-बारा टक्के आखडते. निव्वळ काळी माती त्याहून पुष्कळ जास्त आखडते. तिचा माठ केला तर तो भट्टीपर्यंत पोचतच नाही, सावलीत वाळतानाच तडकतो.

म्हणून कुंभार शेतातली माती सहसा घेत नाही. तो ओढ्याच्या वळणावर जातो, तळ्याच्या काठाला जातो, जिथे पाण्याने माती आधीच निवडून ठेवलेली असते: जड रेती मागे पडलेली, बारीक गाळ पुढे येऊन बसलेला. या गाळावर आता शेतकऱ्यांचाही डोळा आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेला जातो. शेतकऱ्याला तो ढिगाने लागतो. कुंभाराला थोडाच लागतो, पण तो पारखून घ्यावा लागतो.

कुंभाराच्या घरात काम कुठे सुरू होते आणि संसार कुठे, हे दाखवता येत नाही. अंगणात माती भिजत असते, ओसरीवर चाक असते, छपराखाली ओल्या मडक्यांच्या रांगा असतात आणि आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, परसात किंवा गावाच्या कडेला लागतो. पुण्या-मुंबईत आज कोणी गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत चाक बसवले की त्याला होम स्टुडिओ म्हणतात. मराठी मुलुखात ही रीत निदान तीन हजार वर्षांची आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कुंभाराचे घर आणि भट्टी यांचे अवशेष मिळाले. कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती.

घरात आलेली माती आधी उन्हात वाळवतात. हे उलटे वाटेल, पण कोरडे ढेकूळ पाण्यात टाकले की आपोआप विरघळते. ओलसर ढेकूळ मात्र तसेच्या तसे बसून राहते. वाळल्यावर कुटायची, चाळायची, खड्ड्यात भिजत घालायची. चाळण्यात हयगय केली तर ती भाजल्यावर कळते. मराठवाड्याच्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा भिंतीत राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भांडे चांगले निघते, विकलेही जाते. मग तो चुना हवेतला दमटपणा ओढत राहतो, फुगतो आणि काही दिवसांनी भिंतीचा टवका उडवतो.

भिजलेल्या मातीत घोड्याची किंवा गाढवाची लीद, राख, बारीक रेती मिसळतात. प्रत्येकीचे काम ठरलेले असते. रेती आखडत नाही, म्हणून भिंतीचे आखडणे कमी करते. लिदीतले गवताचे तंतू वाळताना भिंत धरून ठेवतात आणि भट्टीत जळून जाताना मागे सूक्ष्म भोके ठेवतात. या भोकांचा उपयोग पुढे कळेल. मग तुडवण. पायाच्या टाचेने माती कडेकडून मध्याकडे, पुन्हा मध्याकडून कडेला. हवेचा बुडबुडा राहिला तर चाकावर बोट अडखळते. तुडवलेली माती हाताने कणकेसारखी मळून तिचे उंडे केले की पहिला टप्पा संपतो. पाणी घालायचे काम इथे जवळपास पूर्ण होते. यापुढचे सारे काम पाणी काढायचे.

जुने चाक जड असते. कुंभार समाजात ‘थोरचाके’ आणि ‘लहानचाके’ अशा पोटजाती आहेत, इतके चाकाच्या आकाराला महत्त्व होते. काठी आऱ्यात अडकवून चाकाला गती द्यायची आणि ती ओसरायच्या आत भांडे उठवायचे. दोन्ही हात ओले, उंडा मध्यावर, अंगठा आत, बोटे बाहेर. पणती पाहता पाहता होते. माठ मात्र चाकावर पुरा होत नाही. चाकावर फक्त काठ, गळा आणि जाड भिंतीचे पोट तयार होते. सुताने कापून ते खाली उतरवतात. सावलीत थोडे ताठरले की खरी घडण सुरू होते. आतून हातात दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा गोळा, बाहेरून लाकडी थापटणे. ठोक्यागणिक भिंत पातळ होते आणि पोट फुगते. माती फार ओली असेल तर थापटणे चिकटते, फार सुकली असेल तर भिंत चिरते. या दोन्हींच्या मधला वेळ जानेवारीत लांब असतो आणि पारा चाळीशी ओलांडतो त्या एप्रिल-मेमध्ये फारच तोकडा.

वाळवण बहुतेक घरांत बायकांच्या देखरेखीखाली चालते. काठ पातळ, तो आधी सुकतो. तळ जाड, तो मागे राहतो. एकीकडे आखडले आणि दुसरीकडे नाही, की तडा. म्हणून काठावर ओले फडके टाकायचे, भांडे पालथे करायचे, वाऱ्याची फट बुजवायची. त्याच हातांनी गेरूचा हात द्यायचा, चुली करायच्या, आठवडी बाजारात पाटी घेऊन बसायचे. चाकावर बसणे मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषांकडेच राहिले होते.

वर्षाचा क्रम सणांवर बेतलेला असतो. पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडी, उन्हाळ्यात माठ-रांजण, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने भरायच्या घागरी. यातले पोळ्याचे बैल भर पावसाळ्यात करावे लागतात. हवेतच ओल असताना मातीतली ओल जाणार कुठे? ते चुलीच्या उबेला वाळतात.

कोरड्या दिसणाऱ्या मडक्यातही पाणी असते. थोडे कणांच्या फटींत अडकलेले, थोडे खनिजाच्या घडणीतच बांधलेले. पहिले शंभर अंशांच्या आसपास बाहेर पडते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा मागते. जाळ घाईने वाढवला तर भिंत फुटते आणि एक मडके शेजारच्या दोघांना घेऊन जाते. म्हणून आव्याचा सुरुवातीचा धूर मुद्दाम रेंगाळता ठेवतात. दुसरे, बांधलेले पाणी, साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटते. ते गेल्यावर माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. मडके होण्याचा क्षण तो. त्याच वाटेवर ५७३ अंशांना रेतीतला स्फटिक एकाएकी फुगतो आणि निवताना त्याच अंशावर तितकाच आखडतो. आवा उघडायची घाई करणाऱ्याची मडकी या दुसऱ्या फेरीत तडकतात.

हे अंश कुंभार मोजत नाही, तो रचनेतून साधतो. खाली गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या, मध्ये मडकी, मोठी खाली आणि लहान वर, पुन्हा जळण, वर खापऱ्या, राख आणि चिखलाचा लेप. हवा मोकळी मिळाली तर मातीतले लोह लाल रंग देते. आवा कोंडून धूर आत ठेवला तर तीच मडकी काळी निघतात.

भाजलेले मडके बोटाच्या पेराने वाजवून बघतात. खणखणीत आवाज आला तर पक्के, बद्द आला तर कच्चे किंवा चिरलेले. या परीक्षेची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट याच परिसराशी जोडलेली आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे कुंभार संत गोरोबाकाका संतमंडळीत थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले. मग गुरूच्या शोधात ते विसोबा खेचरांकडे गेले, ते औंढा नागनाथला, असे परंपरा सांगते. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नर्सीही हिंगोली जिल्ह्यातच आहे. गोष्टीतले हत्यार मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. थापटणे हे पारखण्याचे हत्यार नव्हे, घडवण्याचे. ते ओल्या भिंतीवर चालते, भाजलेल्या मडक्यावर नाही.

माठाचे मोल त्याच्या अपुरेपणात आहे. आव्यात आठशे-नऊशे अंशांपर्यंत भाजलेली भिंत पुरती बंद होत नाही. लिदीची जळालेली भोके आणि कणांमधल्या फटी यांतून पाणी झिरपते आणि बाहेर उडून जाते. उडताना एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते, ती मुख्यतः आतल्या पाण्यातून. बोअरचे क्षारयुक्त पाणी भरत राहिले की वर्ष-दोन वर्षांत क्षार ही भोके बुजवतात आणि माठ ‘गार होत नाही’ अशी तक्रार घरात सुरू होते. कुंभाराचे गिऱ्हाईक दर उन्हाळ्यात परत येते त्याचे हे एक कारण.

गेल्या काही वर्षांत घरच्या चाकाला वीज आली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण योजना सुरू केली आणि २०२० साली शेजारच्या नांदेड-परभणी जिल्ह्यांतल्या १५ गावांत १०० कुंभार कुटुंबांना विजेवरची चाके दिली. काठी फिरवण्याचे बळ लागेनासे झाले की चाकावर कोणी बसायचे हा प्रश्न नव्याने निघतो. सून, मुलगी, शाळेतून आलेला नातू, कोणीही बसू शकते. चिनी मातीच्या कामाची वाटही मराठी मुलुखात जुनी आहे. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला, मराठीभाषक सीमाभागातल्या खानापूरला ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, आणि निर्मला पटवर्धन यांचे ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ हे पुस्तक स्टुडिओत काम करणाऱ्यांच्या टेबलावर असते.

शहरातला स्टुडिओ पिशवीतली तयार माती घेतो आणि ती १२०० अंशांपुढे भाजतो. तिथे भिंत घट्ट होते, वर काचेसारखी झिलई चढते आणि पाणी अजिबात झिरपत नाही. चहाच्या मगाला हेच हवे, माठाला हे चालत नाही. सिद्धेश्वरच्या परिसरात कोणी घरी असा स्टुडिओ थाटला तर पूर्णेच्या गाळाने मग होणार नाही. लोह आणि चुना जास्त असलेली माती बाराशेच्या आसपास बसते, मग वितळते. पण वितळणे हाही गुणच आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात अल्बनीजवळ सापडणारी अशीच सहज वितळणारी, लोहाची माती एकोणिसाव्या शतकातले कुंभार बरण्यांना आतून लावत. भट्टीत तिची तपकिरी झिलई होई. बेसाल्टच्या गाळाकडूनही अशी अपेक्षा धरता येते: अंग बाहेरून आणलेल्या मातीचे, झिलई पूर्णेची.

अडचण भट्टीची आहे. विजेच्या भट्टीत मिळणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टऐवजी २०० मिळाले तर उष्णता जवळपास चौथ्या हिश्श्याने घटते, भट्टी हव्या त्या अंशांपर्यंत चढत नाही आणि झिलई कोरडी, खरखरीत राहते. म्हणून आधी लहान पट्ट्या पाडून पाहायच्या: निव्वळ गाळ, गाळात थोडी राख, गाळात थोडा फेल्डस्पार, प्रत्येकीवर खूण, प्रत्येक भाजणीची नोंद. त्यासाठी गाळ काढायला मार्च-एप्रिल बरा, कारण तेव्हा जलाशय मागे हटून काठ उघडा पडतो. मात्र माठांची मागणीही त्याच दिवसांत असते, आणि कुंभाराच्या घरात तेव्हा कोणाचाच हात रिकामा नसतो.