सांधे सुजले, पण सुरुवात कुठून?

सोरायसिसचा पेशंट त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो, मलम घेऊन येतो. पुढे काही वर्षांनी त्याचीच बोटं सुजायला लागली की हाडांच्या डॉक्टरांचा दरवाजा गाठतो. तिथे कोपरावरच्या खवल्यांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. कातडीचा आणि सांध्यांचा काय संबंध?

तो संबंध व्हिएन्नातल्या एका प्रयोगशाळेने २००५ साली उंदरांवर दाखवून दिला. एर्विन वॅग्नर हे जनुकशास्त्रज्ञ तेव्हा तिथल्या मॉलिक्युलर पॅथॉलॉजी संशोधन संस्थेत होते. पेशींच्या वाढीचं नियमन करणाऱ्या ‘जून’ गटातल्या प्रथिनांचा त्यांचा अभ्यास चालू होता. रायनर झेन्झ आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी असे उंदीर तयार केले, की ठराविक औषध दिलं की त्यांच्यातली ‘जून-बी’ आणि ‘सी-जून’ ही दोन जनुकं बंद पडावीत. तीही फक्त कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात. उंदीर मोठे होईपर्यंत धडधाकट होते. औषध दिल्यावर दोन आठवड्यांच्या आत कान, पंजे आणि शेपटी लाल झाली, कातडी जाड होऊन खवले धरले. इथवर सारं अपेक्षित म्हणता येईल. पण पंजांचे सांधेही सुजले आणि हाडं झिजू लागली. सांध्यातल्या जनुकांना तर कोणी हातही लावला नव्हता!

‘नेचर’मध्ये छापून आलेल्या या कामाचा खरा कस पुढच्या भागात आहे. टी आणि बी या दोन्ही प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरांवर त्यांनी हाच प्रयोग केला. कातडी तरीही बिघडली, सांधेदुखी मात्र उद्भवली नाही. ‘टीएनएफ’ या दाहकारक प्रथिनाचा संदेश स्वीकारणारा एक ग्राहक (रिसेप्टर) काढून टाकला, तेव्हाही सांधे वाचले. म्हणजे ठिणगी कातडीच्या पेशींत पडते, पण ती सांध्यांपर्यंत न्यायला रोगप्रतिकारक यंत्रणा लागते. रोग दिसण्याआधीच कातडीच्या पेशी दोन विशिष्ट प्रथिनं भरमसाट बनवू लागतात, हेही त्यांना आढळलं. त्यातूनच दाह वाढवणाऱ्या पेशींना बोलावणं जात असावं, असा त्यांचा कयास आहे.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसात हा आजार दोन जनुकांच्या बिघाडावर भागत नाही. आनुवंशिकता, संसर्ग, वजन, मार लागणं असं बरंच काही त्यात येतं. काही जणांचे सांधे तर आधी सुजतात आणि चट्टे मागून येतात. पण कातडी म्हणजे नुसतं वेष्टण, हा समज या प्रयोगाने मोडीत काढला, आणि माझ्या मते त्याची मोठी कमाई तीच.

माणसात कातडी आणि सांध्याचा हा शेजार पाहायचा तर नख बघावं. बोटाच्या शेवटच्या पेराला सरळ करणारा टेंडन हाडाला जिथे चिकटतो, तिथून नखाचं मूळ अगदी जवळ असतं. इंग्लंडमधल्या लीड्सचे संशोधक डेनिस मॅकगोनागल आणि त्यांचे सहकारी याच जागेवर बोट ठेवतात: सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवाताची सुरुवात पुष्कळदा टेंडनच्या टोकाशी होते. म्हणूनच शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे नखांवर दिसले, तर डॉक्टर सांध्यांची चौकशी करतात.

टीएनएफला अडवणारी इंजेक्शनं आज कातडी आणि सांधे दोन्हींसाठी वापरतात. त्यातल्या अडॅलिमुमॅबची देशी आवृत्ती २०१४ पासून भारतात मिळते. खर्च तरीही सामान्य माणसाच्या आवाक्यातला नाही, आणि ही औषधं सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावीच लागते. दबलेला क्षय त्यांच्यामुळे डोकं वर काढू शकतो. आपल्याकडे ही काळजी जरा जास्तच हवी.

सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते औषधाने भरून येत नाही. तेव्हा घरात कुणाला सोरायसिस असेल, तर सकाळी अर्धा तास सांधे आखडतात का, टाच दुखते का, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगलंय का, हे विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर संधिवाततज्ज्ञाला दाखवा, आणि डोक्यातल्या किंवा कानामागच्या खवल्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.